कुरणाच्या मधोमध उभं गवत

मी एक म्हातारी ट्वाइट आहे. हे नाव मला माणसांनी दिलं, आणि ते माझ्याच बोलण्यावरून दिलं. उडताना मी जरा नाकातून ओढल्यासारखं "ट्वा-इट" म्हणते. रंगाने मी तपकिरी, पाठीवर गडद रेघा, गळा मधाच्या रंगाचा. वजन म्हणाल तर मूठभर शेंगदाण्यांपेक्षा कमी. मला पाहून कुणी थबकत नाही. चिमणीच आहे असं समजून लोक पुढे जातात, आणि दुरून पाहिलं तर त्यांचंही खरं आहे.

मित्रांनो, सहावा उन्हाळा पाहणारी ट्वाइट आमच्यात विरळाच. म्हणून आठवतंय तोवर सांगून टाकते. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. जे मी स्वतः पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगेन. घराच्या आत काय घडलं ते मला वळचणीच्या चिमण्यांकडून कळतं, तेव्हा ते ऐकीव म्हणून सांगेन. चिमण्या बडबड्या खऱ्या, पण रचून सांगण्याइतका वेळ त्यांच्याकडे नसतो.

माझा जन्म दूरच्या थंड मुलुखात, पेनाइनच्या डोंगरात, होलीरॉयड नावाच्या शेतघराच्या वरच्या उतारावर झाला. तिथे हेदरची खुरटी, गुडघाभर झुडपं आहेत आणि त्यांच्या कडेने नेचा वाढतो. आईने हेदरच्या बुंध्याशी काड्यांची वाटी विणली होती आणि तिला आतून मेंढ्यांच्या लोकरीचं अस्तर लावलं होतं. ही लोकर विकत घ्यावी लागत नाही. काटेरी तारेला ती आपोआप अडकून राहते. त्या वाटीत आम्ही पाच भावंडं दाटीवाटीने वाढलो.

बहुतेक पाखरं आपल्या पिल्लांना अळ्या भरवतात. धान्य खाणारी पाखरंसुद्धा पिल्लांच्या बाबतीत हा नियम पाळतात. आम्ही पाळत नाही. एखादा किडा चुकून आला तर आला, नाहीतर आमच्या घरात पहिल्या घासापासून बियाच. आई-बाप बिया गळ्यातल्या पिशवीत भरून आणतात, तिथे त्या भिजतात, मऊ होतात, आणि मग पिल्लाच्या चोचीत ओतल्या जातात. तुमच्याकडे लहान बाळाला पेज भरवतात ना, तसंच.

पण इथेच आमची अडचण सुरू होते. डोंगर आम्हाला घर देतो, जेवण देत नाही. उन्हाळ्यात हेदरच्या माळावर दाणा मिळत नाही. जेवण असतं खाली, कुरणात. वसंतात डँडेलियनची पिवळी फुलं सुकतात आणि त्यांच्या म्हाताऱ्या उडायच्या बेतात येतात, तेव्हा आम्ही त्या उडण्याआधीच देठावर चढून बिया काढतो. त्या संपल्या की रानचुका पिकतो. तुमच्या भाजीतल्या आंबट चुक्याचा हा थंड मुलुखातला भाऊ. त्याचे तुरे पिकले की सगळं कुरण तांबूस दिसायला लागतं. आमच्या दुसऱ्या विणीची पिल्लं या तांबूस रंगावरच जगतात. म्हणून आम्हाला वर माळ आणि खाली कुरण, दोन्ही जवळजवळ लागतं. एकावर भागत नाही.

माझ्या आजीच्या काळी खोऱ्यात प्रत्येक घराचं असं कुरण होतं, असं आईने मला सांगितलं. वसंतात मेंढ्या बाहेर काढायच्या, फाटक लावायचं, गवत वाढू द्यायचं आणि भर उन्हाळ्यात कापून वाळवायचं, ही तिथली रीत. पुढे लोक मुरघासाकडे वळले. जमीन नांगरून एकाच जातीचं हिरवंगार गवत पेरायचं, उन्हाळ्यात तीनदा कापायचं आणि ओलंच काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं. त्यात कुठल्याच झाडाला बी धरायची सवड मिळत नाही. मी कुणाला दोष देत नाही. गाईलाही पोट असतं आणि आमच्या डोंगरात पावसाचा भरवसा नसतो. पण एकेक कुरण हिरवं होत गेलं आणि आमचे थवे लहान होत गेले. मी जन्मले तेव्हा पिकलेला रानचुका दिसेल असं एकच कुरण उरलं होतं. ते होलीरॉयडचं.

होलीरॉयडमध्ये विल्फ क्रॅबट्री आणि त्याची मोठी बहीण एडना राहतात. दोघांचीही लग्नं झाली नाहीत आणि दोघांनाही त्याचं वाईट वाटताना मी पाहिलं नाही. मेंढ्या विल्फच्या, कोंबड्या आणि हिशेबीपणा एडनाचा. विल्फने जुनी रीत सोडली नाही याचं कारण पाखरं नव्हती. नवं यंत्र घ्यायला तो कंटाळला, एवढंच.

समोरच्या उतारावर सेल्विन अटलीचं शेत आहे. त्याच्याकडे मुरघास, मोठा ट्रॅक्टर आणि आरपार हिरवी शेतं. दर उन्हाळ्यात विल्फचं कुरण तांबूस झालं की सेल्विन रस्त्यावर गाडी हळू करून खिडकीतून म्हणायचा, "विल्फ, तुझं कुरण लाजलंय रे. काय बोललास त्याला?"

आमच्या डोंगरात तांबूस कुरण म्हणजे आंबट जमीन, आणि आंबट जमीन म्हणजे आळशी मालक. चुना टाकला की जमीन सुधारते आणि रानचुका जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विल्फ म्हणायचा, टाकू पुढच्या वर्षी.

माझा पहिला हिवाळा मी पूर्वेच्या किनाऱ्यावर काढला. आम्ही सगळेच तिकडे जातो. भरतीचं पाणी येऊन जातं अशा चिखलाच्या मैदानात खारट झुडपं असतात आणि त्यांच्या बारीक बिया वाऱ्याने लाटेच्या रेषेवर जमतात. आम्ही शेकडोंनी एकत्र उतरतो, एकत्र उठतो. थव्यात राहण्याचं कारण साधं आहे. एकीचं डोकं खाली असताना दहाजणींचं वर असतं. ससाणा आला तर कुणालातरी दिसतोच.

वसंतात परतल्यावर मला थिया भेटली. भेटली म्हणजे तिने मला जाळ्यात पकडलं. ती पाखरांची मोजणी करणारी तरुण बाई. तिने मला मुठीत असं धरलं की मान तिच्या दोन बोटांत आली, आणि माझ्या डाव्या पायात एक पांढरं, एक केशरी कडं चढवलं. मला वाटलं संपलं सगळं. पण तिने मूठ उघडली आणि मी उडाले. कडी अजून आहेत. टोचत नाहीत.

त्याच उन्हाळ्यात थिया विल्फकडे गेली आणि कुरण कापताना थोडं गवत पाखरांसाठी उभं ठेवाल का, असं तिने विचारलं. कापणी झाली की आमच्या दुसऱ्या विणीची पिल्लं उपाशी राहतात, हे तिने त्याला समजावलं. फार मागायला ती संकोचली. म्हणाली, गडग्याच्या कडेकडेने एक पट्टा ठेवलात तरी पुष्कळ. तिथे तसंही यंत्र नीट फिरत नाही. विल्फला ते पटलं. त्याने पट्टा ठेवला आणि दोघंही खूश झाली.

मित्रांनो, आमच्याकडची सगळी कुरणं गडग्यांनी बांधलेली असतात. चुना-माती न लावता दगडावर दगड रचलेली भिंत. त्या दगडांच्या फटीत वीझल राहतो. तुम्ही तो पाहिला नसेल. मुंगसाची आठवण यावी असा चेहरा, पण शरीर बोटभर जाड, आणि ज्या फटीतून उंदीर जातो तिथून तोही जातो. गडग्याला लागून उगवलेल्या दाट गवतात खाली मान घालून बिया टिपायच्या म्हणजे त्याच्या दारात पाट मांडून बसायचं. आमचा थवा त्या पट्ट्याकडे फिरकलाच नाही.

मी आणि माझा जोडीदार मात्र गेलो. वर घरट्यात पाच पिल्लं होती आणि बाकी कुरणात एक दाणा शिल्लक नव्हता. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तो माझ्याजवळच गवतात उतरला आणि उठला नाही. मला फक्त गवत हललेलं दिसलं. त्याच्या कमरेवर गुलाबी ठिपका होता, उडताना तो चमकायचा. त्या उन्हाळ्यात मी एकटीने भरवलं. पाचांतली दोन वाढली.

त्याची पिसं थियाला गडग्याच्या फटीत सापडली. ती विल्फला दाखवायला घेऊन गेली तेव्हा मी तारेवर होते. दोघं फाटकाला टेकून बोलत उभी राहिली. वीझल तिथे असतो हे विल्फला ठाऊक होतं, पण पाखरांचं पाखरांना कळत असेल असं त्याने धरलं होतं. पाखरं मोकळ्यावर चरतात हे थियाला ठाऊक होतं, पण शेतकऱ्याला जड जाईल असं मागायची तिला भीड वाटली होती. तिने त्याला सोपं पडेल ते मागितलं, आणि त्याने तिला बरं वाटेल ते दिलं.

"दोघंही गाढव," विल्फ म्हणाला. "मग कुठे ठेवायला हवं होतं?"

"मधोमध," थिया म्हणाली. "गडग्यापासून जितकं लांब, तितकं चांगलं."

विल्फने टोपी काढून डोकं खाजवलं. मधोमध म्हटल्यावर तो का घुटमळला हे कळायला आमचं खोरं माहीत हवं. खोरं अरुंद आहे. या उतारावरून त्या उताराचं सगळं दिसतं, आणि लोक पाहतातही. कुणी गवत कापायला घेतलं आणि अर्धवट टाकलं तर त्या घरात काहीतरी झालं असं समजतात. माणूस आजारी पडला, नाहीतर गेला. मग बोलावण्याची वाट कुणी पाहत नाही. शेजारी दाताळी घेऊन येतात, राहिलेलं गवत कापतात, वाळवून आत टाकतात, उभ्याउभ्या चहा पितात आणि घरी जातात. आभार मानायचे नसतात. विल्फच्या वडलांचा पाय मोडला तेव्हा सेल्विनच्या वडलांनी असंच त्यांचं सगळं कुरण उचललं होतं. सेल्विनचे वडील म्हणत, गवत अर्धवट टाकणारा माणूस अर्धा मेलेला समजावा.

घरात या गोष्टीवरून बोलणं झालं, ते चिमण्यांनी सांगितलं. एडनाला हे मुळीच पसंत नव्हतं. चांगलं गवत मधोमध उभंच सुकू द्यायचं, हिवाळ्यात मेंढ्या कमी पडलं म्हणून ओरडणार, आणि वर खोरं हसणार.

"लोक म्हणतील विल्फ गेला," ती म्हणाली.

"म्हणू देत. रविवारी चर्चमध्ये दिसेन की."

"तू शेवटचा चर्चमध्ये कधी दिसलास? दिसलास तर मेलास म्हणूनच दिसशील."

यावर विल्फ मेंढ्या बघायला निघून गेला, असं चिमण्या म्हणाल्या. पण पुढच्या उन्हाळ्यात त्याने गवत मधोमध ठेवलंच.

मी तो दिवस वरून पाहिला. आभाळ निवळलं आणि ऊन टिकणार असं दिसलं तसा सगळ्या खोऱ्यात यंत्रांचा आवाज सुरू झाला. विल्फ आपला छोटा लाल ट्रॅक्टर घेऊन गडग्याच्या कडेने गोल गोल फिरत आत येत गेला. नेहमी तो शेवटच्या पट्ट्यापर्यंत येतो. या वेळी मध्येच थांबला, यंत्र उचललं आणि घरी गेला. मध्ये गवताचं एक बेट उरलं. तुमच्या शाळेचे चार-पाच वर्ग त्यात मावले असते. भोवतालचं गवत वाळलं, गासड्या बांधून आत गेल्या, आणि ते बेट एकटंच लालसर डोलत उभं राहिलं.

आम्ही त्यावर तुटून पडलो. चहूबाजूंना कापलेली मोकळी जमीन होती. वीझलला तिथपर्यंत यायचं तर उघड्यावरून यावं लागलं असतं. थव्यातली निम्मी डोकी कायम वर होती. माझा नवा जोडीदार पहिल्याच वर्षाचा, उतावळा, पण कष्टाळू होता. वर घरट्यात पाच पिल्लं होती, नुकते डोळे उघडलेली. आम्ही दोघं पिशवी भरायचो आणि वर जायचो, पुन्हा खाली यायचो. पिल्लांना उडता येईपर्यंत ते बेट टिकायला हवं होतं. बाकी काही नको होतं.

आता समोरच्या उतारावरून हे कसं दिसलं असेल ते पाहा. विल्फ क्रॅबट्रीने गवत मधोमध टाकून दिलंय. आठवडा होत आला तरी ट्रॅक्टर अंगणातून हललेला नाही. रोज सकाळी एक अनोळखी गाडी फाटकाशी येऊन थांबते, आणि तिच्यातून एक तरुण बाई काळी पिशवी घेऊन, गंभीर चेहऱ्याने आत जाते. ती थिया होती आणि पिशवीत दुर्बीण होती. पण समोरून ती घरोघरी फिरणारी नर्स दिसत होती. त्यातच ऊन कडक पडलं आणि नव्या गालिच्याचा रंग उडू नये म्हणून एडनाने पुढच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. आमच्याकडे भर दिवसा पुढच्या खोलीचे पडदे ओढण्याचं एकच कारण असतं, घरात कुणीतरी गेलंय. ते गालिचा नव्हे.

शेवटी एका सकाळी शेजारी घरून निघाले. विल्फ तेव्हा होता कुठे? वर, हेदरमध्ये, पोटावर पालथा. थियाने त्याला दुर्बीण दिली होती आणि माझं घरटं लांबून दाखवलं होतं. आयुष्यभर त्या उतारावर मेंढ्या हाकणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच तिथे पडून एका जागी नजर लावली. मी आले की तो श्वास रोखायचा. मला ते ऐकू यायचं.

खाली फाटक उघडल्याचा आवाज आला. मी बेटावरच होते. सेल्विनचा मोठा ट्रॅक्टर कापणीच्या यंत्रासकट आत आला. मागून तीन-चार घरची माणसं दाताळी खांद्यावर टाकून चालत होती. सगळ्यांच्या मागे सेल्विनची बायको मर्टल कापडाने झाकलेलं मोठं ताट घेऊन येत होती. त्यात उकडलेलं हॅम होतं. आमच्या खोऱ्यात मयताच्या घरी हॅमच नेतात. सेल्विनने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. विल्फला ज्याने जन्मभर चिडवलं, तोच सगळ्यांत आधी आला होता.

मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगते. आमच्यावर आलेलं ते संकट कुणाच्या दुष्टपणातून आलं नव्हतं. ती सगळी भली माणसं होती आणि भलं काम करायला आली होती.

यंत्र खाली आलं. आम्ही उठलो. सेल्विनने पहिला पट्टा बेटाच्या एका कडेने टोकापर्यंत कापला आणि पिकलेला रानचुका आडवा पडला. मी वर चकरा मारत होते. पिशवी अर्धी भरली होती. अर्ध्या पिशवीत पाच पिल्लांचं भागत नाही. सेल्विनने ट्रॅक्टर वळवला आणि दुसऱ्या पट्ट्यासाठी सरळ केला.

इथून पुढचं थोडं चिमण्यांकडून. एडना स्वयंपाकघरात पीठ मळत होती. आवाज ऐकून ती खिडकीशी आली आणि तिने सगळं पाहिलं. पाहून ती लगेच बाहेर गेली नाही. चिमण्यांच्या मते ती बराच वेळ तशीच उभी होती. तिला काहीच करावं लागणार नव्हतं. ती नुसती खिडकीशी उभी राहिली असती तरी गवत आत आलं असतं, खोऱ्याचं हसणं थांबलं असतं, आणि विल्फला कुणाला दोष देता आला नसता. मग तिने हात न पुसताच दार उघडलं.

ती कापलेल्या गवतातून चालत आली आणि ट्रॅक्टरसमोर उभी राहिली. कोपरापर्यंत पीठ. सेल्विनने यंत्र थांबवलं, खाली उतरला आणि मान खाली घातली.

"एडना," तो म्हणाला, "फार वाईट झालं. तू आत जा. राहिलेलं आम्ही बघतो."

"ते राहून गेलेलं नाही, सेल्विन," एडना म्हणाली. "ते मुद्दाम ठेवलंय."

"कुणासाठी?"

एडनाने वर पाहिलं. आम्ही तिच्या डोक्यावर फिरत होतो.

"त्यांच्यासाठी," ती म्हणाली. "आणि पुन्हा यंत्र लावलंस तर गाठ माझ्याशी आहे."

सेल्विनने आमच्याकडे पाहिलं, बेटाकडे पाहिलं, हातातल्या टोपीकडे पाहिलं. तेवढ्यात वरच्या फाटकातून विल्फ आला. टोपीत नेच्याचं पान अडकलेलं, पोटाला माती लागलेली, मागे थिया. मर्टलने त्याला सर्वांत आधी पाहिलं. ती शांत बाई आहे. ताट तिने पडू दिलं नाही.

"विल्फ," ती म्हणाली, "तू मेलायस."

"कधी?"

"आज सकाळपासून. हॅमसुद्धा उकडलंय."

विल्फने सगळ्यांकडे पाहिलं. दाताळी, टोप्या, ट्रॅक्टर, ताट. कोण कोण आलंय हे तो एकेका चेहऱ्यावरून मोजत होता.

"मोहरीची चटणी आहे का त्याच्यासोबत?" त्याने शेवटी विचारलं.

"आहे," मर्टल म्हणाली. "आणि मी हे परत घरी नेणार नाही. कुणीतरी मेल्याशिवाय आमच्याकडे एवढं हॅम संपत नाही."

मग हसणं सुरू झालं. सेल्विन म्हणाला, म्हणजे मेला नाही, फक्त वेडा झालाय. एडना म्हणाली, ते जुनंच आहे. सगळे गडग्यावर रांगेत बसले आणि एडनाने चहा आणला. चहा आणायला गेली तेव्हा तिने पुढच्या खोलीचे पडदेही उघडले.

माणसं गप्प बसली तसे आम्ही उतरलो. दुसरा इलाजही नव्हता, वर पिल्लं वाट पाहत होती. सगळा थवा एकदम त्या तांबूस तुऱ्यांवर आला आणि एकेक देठ आमच्या वजनाने वाकला. सेल्विनने खाणं थांबवलं.

"एवढीशी?" तो म्हणाला. त्याची जरा निराशा झालेली दिसली. घार-ससाण्यासारखं काही असेल अशी त्याची समजूत होती.

थियाने त्याला दुर्बीण दिली आणि माझी कडी दाखवली. पांढरं आणि केशरी. हिचा जोडीदार गेल्या वर्षी आमच्या चुकीने गेला, ती म्हणाली, आणि ही पुन्हा इथेच आली. ही पिल्लांना फक्त बिया भरवते. अख्ख्या खोऱ्यात तिला बिया मिळतात त्या इथेच. सेल्विन बराच वेळ पाहत राहिला. मर्टलने दुर्बीण मागितली तरी त्याने दिली नाही. त्याला आठवलं, त्याच्या लहानपणी रस्त्यावर असे थवे असायचे, सायकल जवळ गेली तरी उठायचे नाहीत. ते कुठे गेले हे आपण कधी विचारलंच नाही, असं तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

कापून आडवा पडलेला पट्टा आम्ही पुढचे दिवस निवडून खाल्ला, उभं बेट त्यानंतर. माझी पाचही पिल्लं उडाली. एकाच्या कमरेवर गुलाबी ठिपका आहे.

त्या आडव्या पट्ट्यातलं उरलेलं गवत सेल्विनने नंतर नेलं. मीच कापलंय, फुकट जायला नको, असं त्याने विल्फला सांगितलं. पण ते त्याने गोठ्यात नेलं नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. रस्त्याच्या वर त्याच्या शेताचा एक तिरपा, तीनकोनी कोपरा आहे, जिथे मोठं यंत्र चढत नाही. तिथे त्याने आधी दाताळ्याने जमीन खरवडली आणि मग ते गवत झटकून झटकून पसरलं. कुणी पाहत नाही ना, हे मधूनमधून वळून पाहत होता. माणसांपैकी कुणी पाहत नव्हतं.

बी रुजायला वेळ लागतो. पुढच्या उन्हाळ्यात तिथे नुसती पानं दिसली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कोपरा तांबूस झाला. खोऱ्यात सगळ्यांना दिसला, अर्थातच. विल्फने आपला छोटा लाल ट्रॅक्टर भर रस्त्यात थांबवला.

"सेल्विन," तो ओरडला, "तुझं कुरण लाजलंय रे."

"बघू नकोस मग. पुढे हो."

"कापत का नाहीस?"

"राहून गेलंय," सेल्विन म्हणाला.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. यंदाही राहून गेलं आहे. यंदा त्याच्याभोवती मेंढ्या शिरू नयेत म्हणून नवी तारही लागली आहे. तारेला लोकर अडकते. माझ्या मुलीने तीच वेचून त्या कोपऱ्याच्या वरच्या उतारावर घरटं बांधलं. होलीरॉयडच्या बाहेर घरटं बांधणारी आमच्या घराण्यातली बऱ्याच काळानंतरची ती पहिलीच. विल्फ दर वर्षी मधोमध बेट ठेवतो. आता दाताळी घेऊन कुणी येत नाही, पण मर्टल त्या आठवड्यात हॅम उकडून आणते आणि सगळे गडग्यावर बसून खातात. सगळ्यांना पुरतील इतक्या दुर्बिणी अजून झालेल्या नाहीत.

मित्रांनो, माझे पंख आता जड झाले आहेत. किनाऱ्यापर्यंतचा प्रवास मला या हिवाळ्यात झेपेल की नाही, सांगता येत नाही. त्याचं फारसं दुःख नाही. माझं तुमच्याकडे मागणं लहानसं आहे. तुमच्या घराजवळ, शाळेच्या मागे, रस्त्याच्या कडेला एखादा गवताचा तुकडा वेडावाकडा वाढलेला, बी धरलेला दिसेल. तो आळसाने राहून गेलाय असं वाटेल, आणि तो साफ करावा असं तुमच्यातल्या चांगल्या, कामसू माणसाला नक्की वाटेल. विळा उचलण्याआधी थोडा वेळ गडग्यावर बसा आणि गप्प राहा. कुणी जेवायला येतंय का ते पाहा.

कुणी आलं, तर तुम्हीही सेल्विनसारखं सांगा. राहून गेलंय म्हणा.